रजा त्याची, घर सोडायचं कुणी?

माझ्या नोकरीतला मोठा काळ मी दुसऱ्यांना रजा द्यावी की नाही, हे विचारत दारोदार फिरण्यात घालवला. स्वतःची रजा मागितली की साहेब बंदोबस्ताचा हुकूम पुढे करायचे. सख्ख्या भाच्याच्या लग्नात मी पोचले तेव्हा पंगती उठत होत्या. पण जन्मठेपेच्या कैद्याला बहिणीच्या हळदीला वेळेत पोचता यावं म्हणून मी भर उन्हात स्कूटी हाणत दोन-दोन गावं पालथी घातली आहेत. आमचे हे अजून त्यावरून मला चिडवतात.

पोलीस खात्यातून सहायक फौजदार म्हणून निवृत्त झाले म्हटलं की लोक सरसावून बसतात. दरोडेखोर पकडला का, गोळी झाडली का, भुताटकीच्या बंगल्यात पंचनामा केला का. मी सांगते, मी कैद्यांच्या रजेच्या चौकशा करायचे. मग विचारणारा माणूस हळूच दुसऱ्या पाहुण्याशी बोलायला लागतो. खात्यातही या कामाला किंमत नव्हती. ज्याला गुन्ह्याचा तपास देववत नाही त्याला, नाहीतर बाईमाणसाला, हे काम द्यायचे. मला दोन्ही कारणांनी मिळालं असावं.

काम काय, ते आधी सांगते. शिक्षा झालेल्या कैद्याला मधूनमधून काही दिवस घरी जाता येतं. तुरुंगात नीट वागलं की ठरावीक काळाने मिळते ती संचित रजा. घरात आजारपण, मयत, लग्न निघालं तर मागतात ती अभिवचन रजा. गावात दोन्हींना पॅरोलच म्हणतात. कैदी आत अर्ज करतो आणि तो त्याच्या गावच्या पोलीस ठाण्याकडे चौकशीला येतो. मग माझ्यासारखं कुणीतरी जाऊन चार घरं गाठतं. पहिलं कैद्याचं. दुसरं जामीनदाराचं, म्हणजे तो वेळेवर परत जाईल असं लिहून देणाऱ्या नातेवाइकाचं. तिसरं पोलीस पाटलाचं. आणि चौथं, ज्याचा जीव गेला त्याच्या घरच्यांचं. तिथे एकच प्रश्न विचारायचा असतो, सदर बंद्यास रजेवर सोडण्यास आपली काही हरकत आहे काय?

हे काम मला शिकवलं शेख जमादारांनी. आता ते नाहीत. पहिल्याच दिवशी त्यांनी बजावलं होतं, ‘‘बाई, तीन घर पे जो देंगे वो खाव, पिव. चौथे घर पे चाय नक्को पीना. चाय पिए तो उनको ना बोलने में शरम आती.’’ मी ते कायम पाळलं. चौथ्या घरी पाणीसुद्धा मी स्वतःच्या बाटलीतलं प्यायचे. लोकांना वाटायचं, बाईंना मोठा तोरा आहे.

चौथ्या घरची उत्तरं ऐकून मी थक्क व्हायचे. चिकलठाण्याच्या बाजूला एका बापाने मला खुर्ची दिली, पंखा लावला आणि म्हणाला, ‘‘येऊ द्या की, आमचं काय जातंय?’’ मी गाडीला किक मारते तोच मागे पळत आला. ‘‘थांबा. त्याच्या घरचे समोर बसलेत म्हणून तसं म्हणलो. हरकत लिहा.’’ मी समोर पाहिलं, तर खरंच, रस्त्यापलीकडे ओट्यावर कैद्याचे दोन भाऊ गुडघे धरून बसले होते. तेव्हापासून मी चौथ्या घरी जाताना कैद्याच्या दारावरून जायचं सोडलं. लांबचा फेरा पडायचा, पेट्रोल माझंच जळायचं.

आणि कैदीही नाना तऱ्हेचे. एक म्हातारा रजा संपायच्या आधीच पिशवी घेऊन ठाण्यात हजर. का, तर घरी झोप येईना. बराकीत रात्रभर दिवा चालू असतो, इथे सून लाईट बंद करते. मी सुनेला बोलावून समजावलं. ती म्हणाली, ‘‘बाई, बिल कोण भरील?’’ शेवटी एक झिरोचा बल्ब लावायचं ठरलं आणि म्हातारा उरलेली रजा भोगून परत गेला.

म्हणून मी रजेच्या विरुद्ध आहे असं कुणी समजू नये. माझ्या डोळ्यांदेखत नियम कधी आवळले गेले, कधी सैल झाले. अलीकडचा कल असा, की पात्र असेल त्याला उगाच अडवून ठेवू नये. मला तो पटतो. रजा मिळत गेलेला माणूस सुटतो तेव्हा त्याची मुलं त्याला ओळखतात, तोही माणसांत बसू शकतो. ज्याला कधीच बाहेर सोडलं नाही, तो सुटून आला की ओट्यावर नुसता बघत बसतो. पण नियम करणाऱ्यांनी सगळा विचार तुरुंगाच्या दारापर्यंत केला. रजा मंजूर झाली हे कैद्याला कळतं, त्याच्या घरच्यांना कळतं, ठाण्याला कळतं. चौथ्या घरी एकदा सही घेतली की पुढे त्यांना काही सांगायचं असतं, हे कुणाच्या ध्यानातच येत नाही. तो कधी येणार, कुठे राहणार, कधी जाणार, हे गावातून कुणी सांगितलं तर ठीक, नाहीतर त्यांना रस्त्यात तो दिसल्यावर कळतं.

द्वारकाबाईंना ते गिरणीत कळलं.

द्वारकाबाई दौलताबादच्या. किल्ल्याखालच्या रस्त्यावर त्यांच्या मुलाची, संतोषची, फळांची हातगाडी होती. पावसाळा सरता सीताफळं, मग पेरू, उन्हाळ्याच्या तोंडावर अंजीर. शेजारीच त्याच्या चुलतभावाची, रामेश्वरची गाडी. पर्यटकांची बस जिथे थांबते तिथली जागा कुणाची, यावरून दोघांची रोज कुरबुर. एका रविवारी रामेश्वरने गाडीचा लोखंडी दांडा संतोषच्या डोक्यात घातला. जागेवर गेला. रामेश्वरला जन्मठेप लागली. संतोषची बायको पुढे दुसरीकडे संसाराला लागली आणि त्यांची मुलगी साक्षी आजीपाशी राहिली. रामेश्वरची आई शांताबाई म्हणजे द्वारकाबाईंची थोरली जाऊ. दोघींच्या अंगणात एक कमरेएवढी भिंत. घटना झाली तेव्हापासून दोघी एकमेकींशी बोलत नव्हत्या, पण एकीच्या घरी कुकरची शिट्टी झाली की दुसरीला ऐकू जायची.

करोनाच्या काळात तुरुंगातली गर्दी कमी करायची म्हणून बऱ्याच कैद्यांना तातडीने घरी पाठवलं. ते रास्तच होतं. मात्र घाई अशी, की चार घरांची चौकशी वगैरे काही नाही. द्वारकाबाई डोक्यावर ज्वारीचा डबा घेऊन गिरणीत गेल्या. पुढे तोंडाला रुमाल बांधलेला एक माणूस उभा होता. तो बाजूला सरकला आणि अदबीने म्हणाला, ‘‘काकू, तुमचं दळण आधी टाका.’’

आवाजावरून त्यांनी ओळखलं, रामेश्वर, रात्रीतून आलेला. डबा तिथेच टाकून त्या घरी आल्या आणि आतून कडी लावली. नंतर ठाण्यात फोन लागला तो मला. त्या ना रडल्या, ना ओरडल्या. म्हणाल्या, ‘‘बाई, नगं सोडू असं मी म्हणत नाय. तुमी मला पुसलं पण नाय ते बी जाऊ द्या. पर सांगायचं तरी. मी घरात तोंड झाकून बसले असते.’’

त्या फोननंतर मी माझ्यापुरता एक रिवाज पाडला. कुणाचीही रजा निघाली की कैदी घरी पोचायच्या आधी मी चौथ्या घरी जायचे. दारातूनच सांगायचे, उद्या येतोय, अमक्या दिवशी जाणार, माझा नंबर हा. नियमात हे कुठे नव्हतं. साहेबांनी एकदा विचारलं, ‘‘या फेऱ्यांचा प्रवासभत्ता कशात लावता?’’ मी म्हटलं, ‘‘लावलेलाच नाही, सर.’’

आता गावाची रीत सांगते, कारण पुढचं सगळं त्या रीतीवरून झालं. रजेवर कैदी येणार असं कळलं, की गावातली जाणती माणसं मयताच्या घरच्यांना गोड बोलून पाहुण्यांकडे पाठवून देतात. नजरेला नजर नको, शब्दाला शब्द नको. ठाण्यालाही हे सोयीचं असतं, बंदोबस्त वाचतो. ज्याने मारलं तो अंगणात बाजेवर बसतो आणि ज्यांचं माणूस गेलं ते पिशव्या भरून एसटीला उभे राहतात. हे उलटं आहे, असं कुणालाही वाटत नाही.

द्वारकाबाई वैजापूरकडे भावाकडे जायच्या. भावजयीवर दोघींचा भार नको म्हणून आधी गिरणीत सगळं दळण करून पीठ बरोबर न्यायच्या. एकदा स्टँडवर मी त्यांना पाहिलं. साक्षीच्या पाठीवर दप्तर आणि काखेत पिठाचं गाठोडं. पोरीची चांगली सहल चाललीय म्हणून कंडक्टर तिची थट्टा करत होता.

माझ्या नोकरीच्या शेवटच्या हिवाळ्यात रामेश्वरचा संचित रजेचा अर्ज पुन्हा आला. हिशेब केला तर रजा पडत होती ऐन मार्चात. मी चौथ्या घरी गेले तेव्हा द्वारकाबाई अंजिरांच्या पाट्यांत पानं अंथरत होत्या. मी प्रश्न विचारला. त्यांनी हात पुसले आणि आत बोट दाखवलं. आत साक्षी मोठ्याने पाढे म्हणावेत तशी विज्ञानाच्या व्याख्या घोकत होती.

‘‘तिची धाव्वी हाय औंदा. सेंटर इथंच गावात. मी कुठं नेऊ तिला? वैजापूरहून येती का पेपराला?’’

‘‘मग राहा की घरी.’’

‘‘कसं राहू? ती भित्ती त्याला. मागं तो अंगणात खोकलला तर पोरगी रातभर बसून ऱ्हायली. पेपरात काय लिवील? बाई, तिच्या बापाला मी जपू शकले नाय. हिचं एवढं वर्ष तरी मला जपू द्या.’’

‘‘हरकत लिहिते मग.’’

‘‘लिहा. पर तेवढ्यानं रजा थांबती का? खरं सांगा.’’

मी खरं सांगितलं. नुसत्या हरकतीने रजा थांबत नाही. तो दर वेळी वेळेवर परत गेलेला, आतलं वागणं चांगलं, कुणाला धमकी दिलेली नाही. द्वारकाबाईंनी मान हलवली. तेवढ्यात पोलीस पाटील आले आणि नेहमीच्या गोडव्याने म्हणाले, ‘‘मावशे, आपल्या गावची रीत हाय ना, जाऊन ये भावाकडं. पोरीला पेपरापुरतं आमी आणू.’’ त्यांच्याकडे न बघता द्वारकाबाई बोलल्या, ‘‘रीत मी लई पाळली. रजा त्याची हाय, मपलं घर मी का सोडू?’’

भिंतीपलीकडे शांताबाई उभ्या होत्या. त्यांनी सगळं ऐकलं असणार. मी त्यांच्याकडे गेले तर त्यांनी माझा हातच धरला. डोळ्यांत मोतीबिंदू पिकलेला, हात चाचपडत धरला. ‘‘बाई, मला आता सावलीच दिसती. ऑपरेशनचं भ्या वाटतं. डोळ्यात उजेड हाय तंवर लेकराचं तोंड बघू द्या. औंदाची रजा थांबवू नका.’’

दोघी आया, मध्ये कमरेएवढी भिंत, आणि दोघींचंही बरोबर. मी ठाण्यात येऊन शांताबाईंच्या बाजूने लिहायला घेतलं, खोडलं, द्वारकाबाईंच्या बाजूने लिहायला घेतलं, तेही खोडलं. मनातून म्हणाल तर मी द्वारकाबाईंच्या बाजूची होते. अगदी उघड होते. पण माझ्या मनाला विचारतो कोण?

मग ध्यानात आलं, की अर्जात एक गोष्ट कैदी स्वतः लिहितो आणि तिच्याकडे कुणी कधी बघत नाही, ती म्हणजे रजेत कुठे राहणार तो पत्ता. तो गावाचाच असला पाहिजे असं नाही. जामीनदार दुसरीकडचा मिळाला तर कैदी त्याच्या घरी राहतो आणि तिथल्या ठाण्यात हजेरी देतो. रजा त्याला, घर द्वारकाबाईंना. पण जामीनदार कोण?

रामेश्वरला एक बहीण होती, मंगल. राहायला शहरात, पुंडलिकनगरात, म्हणजे माझ्याच वस्तीत, दोन गल्ल्या सोडून. नवरा चिकलठाण्याला कंपनीत. भाजीच्या गाड्यावर आमची नेहमी गाठ पडायची आणि मला बघितलं की ती मेथीची जुडी तशीच ठेवून निघून जायची. मी कोण, हे तिला माहीत होतं. ती कोण, हे मला. तिच्या गल्लीत मात्र कुणाला काही माहीत नव्हतं. भाऊ गुजरातेत कंपनीत आहे, रजा मिळत नाही, असं तिने सांगून ठेवलं होतं.

मी साडी नेसून गेले, वर्दीत नाही. ऐकून ती पांढरीफटक पडली.

‘‘बाई, हे घर भाड्याचं आहे. मालकाला कळलं तर पोरांना घेऊन कुठं जाऊ? माझ्या मुलाची सोयरीक बघतोय आम्ही. मी काय गुन्हा केलाय?’’

‘‘काहीच नाही.’’

‘‘मग मीच का?’’

मी म्हटलं, ‘‘द्वारकाबाईंनीही गुन्हा केला नव्हता. त्या दर वेळी पीठ घेऊन वैजापूरला जातात.’’

‘‘पीठ घेऊन?’’ तिने विचारलं. हे तिला ठाऊक नव्हतं. लहानपणी काकूच्याच हातची भाकरी खाऊन वाढलेली मुलगी. तिने मला जायलाही सांगितलं नाही, बसायलाही सांगितलं नाही. दोन दिवसांनी तिचा नवरा ठाण्यात आला. जामीनदार म्हणून मंगल सही करेल म्हणाला, फक्त घरी वर्दीतलं कुणी येऊ नये, हजेरीला तो मेहुण्याला स्वतः घेऊन जाईल. मी आमच्या साहेबांना सांगितलं, तिकडच्या ठाण्यातल्या ओळखीच्या हवालदाराला सांगितलं, कारागृहातून रामेश्वरकडून पत्ता बदलून घेतला. दहावीच्या परीक्षेसाठी कैद्याचा पत्ता बदलणं खात्यात पहिल्यांदाच झालं असेल. साहेबांनी अहवालावर सही करताना एवढंच विचारलं, ‘‘पेपर कधीपासून आहेत?’’

रजा सुरू झाली त्या दिवशी मी सकाळी दौलताबादला होते. शांताबाई लुगड्याची घडी पिशवीत कोंबून एसटीला निघाल्या होत्या, मुलाला भेटायला पुंडलिकनगरात. द्वारकाबाई आपल्या उंबऱ्यात उभ्या होत्या. इतकी वर्षं पिशवी घेऊन याच दारातून त्या निघायच्या आणि जाऊ बघत राहायची. मला वाटलं, आता काहीतरी टोचून बोलतील, आणि बोलल्या असत्या तर मला बरंही वाटलं असतं. शांताबाई पायरीपाशी पाय चाचपू लागल्या तसा द्वारकाबाईंनी आवाज दिला, ‘‘साक्षे, तिला रस्त्यापोहोत सोड जा. तिला दिसत नाय.’’

शेवटच्या पेपराच्या दिवशी मी पुन्हा गेले. काम काही नव्हतं, उगाच गेले. साक्षी पेपरला गेलेली होती. द्वारकाबाई भिंतीवरून वाकून शांताबाईंच्या शेळीपुढे पाण्याची बादली सरकवत होत्या. मी बघतेय म्हटल्यावर जरा वरमल्या. ‘‘मुकं जनावर हाय. त्यानं काय कुणाला मारलंय?’’ मग म्हणाल्या, ‘‘आज सही घ्याया नाय ना आलात? मंग बसा, चहा टाकते.’’

शेख जमादारांची क्षमा मागून मी तो चहा प्याले. साखर फार होती.

हे सगळं गोडगोड झालं असं मात्र नाही. पुंडलिकनगरात रामेश्वरला कुणीतरी ओळखलं आणि गल्लीभर झालं. मंगलला ते घर सोडावं लागलं. मागच्याच गल्लीत तिला दुसरं मिळालं, पण मुलाची ती सोयरीक फिसकटली. बाजारात मी दिसले की आता ती निघून जात नव्हती, नुसती तोंड फिरवायची, आणि ते मला जास्त लागायचं. पावसाळ्याच्या आधी मी निवृत्त झाले. माझ्या जागी आलेल्या तरुण अंमलदाराला मी सगळं समजावून दिलं, चौथ्या घरी आधी जाऊन सांगायचं तेही. तो चांगला मुलगा आहे. म्हणाला, ‘‘मॅडम, तुमचं पटतं हो. पण विचारायचं फॉर्ममध्ये आहे, सांगायचं फॉर्ममध्ये नाही.’’

साक्षी पास झाली, आता शहरात कॉलेजला येते. जाऊन-येऊन करते, रात्री आजीपाशी असते. या वर्षी रामेश्वरच्या रजेची वेळ जवळ आली तशी मला बेचैनी व्हायला लागली. अर्ज आला का, पत्ता कुठला लिहिलाय, कुणाला विचारणार? निवृत्त माणसाचा ठाण्यात चहा होतो, काम होत नाही. द्वारकाबाईंचा फोन येऊन गेला होता, ‘‘बाई, दळण करून ठिवू का?’’ साक्षीचं कॉलेज बुडवून त्या पुन्हा पीठ घेऊन निघणार, असंच मी धरून चालले होते.

परवा संध्याकाळी दार वाजलं. मंगल होती. इतक्या वर्षांत पहिल्यांदा माझ्या दारात. बस म्हटलं तरी बसली नाही.

‘‘दादाची रजा निघतेय,’’ ती म्हणाली. ‘‘पत्ता माझाच लिहिलाय. जामीनदारही मीच राहते. आता सगळ्यांना कळलंच आहे, लपवायचं कुणापासून?’’ मग म्हणाली, ‘‘काकूला फोन कराल का? मी केला तर ती उचलायची नाही. घर सोडू नको म्हणावं.’’

तिच्यासमोरच मी फोन लावला आणि मंगलने सांगितलं ते जसंच्या तसं सांगितलं, तिचं नाव घेऊन. पलीकडून गिरणीची घरघर ऐकू येत होती.

‘‘मंगी आलीया व्हय तुमच्याकडं?’’ द्वारकाबाई म्हणाल्या. मग बहुतेक गिरणीवाल्याकडे वळून त्यांनी हाक दिली, ‘‘थांब रं, सगळं नगं टाकू. आठवड्याचंच दळ.’’